तीन वाजून पाच मिनिटांची नोंद

त्या दिवशी मी इस्पितळात गेलो तो अगदी साध्या कामाला. एका संगणकाचं घड्याळ एकोणीस मिनिटं मागे आहे, एवढंच चार लोकांना दाखवून द्यायचं होतं. अर्ध्या तासाचं काम. "जेवायला घरीच येतो," असं बायकोला सांगून निघालो होतो.

एवढ्या खात्रीने मी बोलत होतो, कारण त्या इस्पितळातला नोंदींचा प्रोग्राम मीच लिहिलेला. बारा वर्षं झाली त्याला. प्रत्येक वॉर्डात एक संगणक, प्रत्येकावर माझा प्रोग्राम, आणि सगळ्या नोंदी तळघरातल्या सर्व्हरवर जमा. ताप, नाडी, औषध, इंजेक्शन, काय असेल ते सिस्टरने लिहायचं, बटण दाबायचं, की नोंदीपुढे वेळ आपोआप पडायची. त्या आपोआप पडणाऱ्या वेळेचं तेव्हा सगळ्यांना कोण कौतुक! मलाही होतंच. माझ्या हुशारीबद्दल मला स्वतःला कधी शंका आलेली नाही.

पण त्यात एक गोम होती आणि ती मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. पडणारी वेळ सर्व्हरची नव्हती, त्या त्या वॉर्डातल्या संगणकाच्या घड्याळाची होती. आता सात वॉर्डांत सात संगणक म्हणजे सात मतं. एक चार मिनिटं पुढे, दुसरा दोन मिनिटं मागे. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या संगणकाची आतली बॅटरी एकदा संपली, घड्याळ कितीतरी वर्षं मागे गेलं, आणि त्या सकाळी जन्मलेली तिन्ही बाळं कागदोपत्री चौदा वर्षांची झाली. आम्ही पोट धरून हसलो आणि बॅटरी बदलली. वेळ सर्व्हरनेच टाकायला हवी, हे मी दर वर्षी म्हणायचो आणि दर वर्षी ते राहून जायचं. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असा सगळा मामला.

आणि मग ताईवर बालंट आलं.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. त्याच इस्पितळात तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर. छत्तीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला सात महिने उरलेले. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती एकोणीस. पुढचं माझं सगळं तिनेच केलं. मी सेहेचाळीसचा झालो तरी मला चारचौघांत 'छोट्या' म्हणून हाक मारायचा हक्क तिने सोडलेला नाही.

मागल्या आठवड्यात तिच्या वॉर्डातले अकरा नंबरच्या खाटेवरचे गृहस्थ वारले. डॉक्टरांनी बरोबर तीनला तपासलं आणि कागदावर तीन लिहिलं. पण संगणकात ताईच्या नावाने नोंद होती, 'नाडी लागत नाही. डॉक्टरांना बोलावले.' आणि तिच्यापुढे वेळ होती दोन एक्केचाळीस. दोन पन्नासला तर त्या गृहस्थांचा मुलगा त्यांच्या उशाशी बसून त्यांना पाणी पाजत होता. मुलगा वकील. त्याने नोंदीची प्रत मिळवली आणि मोठ्या साहेबांसमोर आपटली. "माझे वडील जाणार हे या बाईला एकोणीस मिनिटं आधी कसं कळलं?"

प्रश्न विचारण्यासारखाच होता. चौकशी समिती नेमली गेली. शुक्रवारी दुपारी तीनला ताईला हजर राहायचं होतं. समितीची खात्री पटली नाही तर नोकरी जाणार, छत्तीस वर्षांचं नाव जाणार, आणि पुढे पोलीस.

"ताई, तू निर्धास्त राहा," मी फोनवर म्हणालो. "घड्याळ मागे असणार. शंभर टक्के. माझाच प्रोग्राम आहे तो."

ती एवढंच म्हणाली, "तू ये छोट्या. आल्यावर बोलू."

शुक्रवारी सकाळी नऊला मी वॉर्डात होतो. बारा खाटा, दोन रांगांत. फिनेलने नुकतीच पुसलेली फरशी, खिडक्यांतून आलेलं लख्ख ऊन. कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक आणि त्याच्या वर भिंतीवर गोल घड्याळ. कळफलकावरची अर्धी अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. घाबरावं असं त्या जागेत काहीही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मी खिशातून फोन काढला आणि संगणकाच्या घड्याळाशेजारी धरला. सेकंदाचाही फरक नव्हता.

ठीक आहे, म्हटलं, कुणीतरी मधल्या काळात नीट केलं असेल. संगणकाच्या घड्याळाला कोणी हात लावला की तो संगणक आतल्या आत त्याचं टिपण ठेवतो. ती टिपणं उघडली. सहा महिन्यांपूर्वी देखभालीच्या माणसाने हे घड्याळ बाहेरच्या प्रमाणवेळेला जोडून दिलं होतं. तेव्हापासून ते रोज स्वतःला तपासत होतं. मागल्या आठवड्यातल्या त्या दिवशी, त्या दुपारी, घड्याळ बरोबर होतं.

माझ्या हातातला हुकमी पत्ताच गेला. ताई शेजारी उभी राहून माझा चेहरा वाचत होती.

"मागे नव्हतं ना?" तिने हळूच विचारलं.

"नव्हतं. मग तू दोन एक्केचाळीसला लिहिलंस तरी काय?"

तिने टेबलाभोवतीचा पडदा ओढून घेतला. "मी लिहिलंच नाही."

"म्हणजे?"

"तीनला डॉक्टरांनी सांगितलं, गेले म्हणून. मी येऊन इथे बसले. अकरा नंबरची नोंद उघडली, तर... आधीच लिहिलेलं होतं. माझ्या नावाने. माझ्याच शब्दांत. इथे बाकीच्या मुली 'पल्स नाही' असं लिहितात. 'नाडी लागत नाही' असं माझ्याशिवाय कोणी लिहीत नाही. मला वाटलं, गडबडीत मीच लिहून गेले असेन. मी नुसतं बटण दाबलं."

माझा प्रोग्राम जुनी नोंद पुन्हा जतन केली तर पहिली वेळ बदलत नाही. ते बरोबरच आहे, तसंच असायला हवं. त्यामुळे दोन एक्केचाळीस तशीच राहिली होती.

"हे तू समितीला सांगितलंस?"

"वेडा आहेस का?" ताई म्हणाली. "मला कामावरून काढतील ते वेगळं, वर डोकं तपासायला पाठवतील."

मी घाबरलो का? अजिबात नाही. मला राग आला. कुणीतरी ताईचा पासवर्ड वापरून खोडसाळपणा करतंय, असं माझं मत झालं, आणि खोडसाळ माणूस पकडणं हे माझ्या डाव्या हातचं काम आहे. मी मोठ्या साहेबांकडे गेलो आणि बारा वर्षं राहिलेलं काम आजच करतो म्हणून सांगितलं. वॉर्डातल्या संगणकाने वेळ सांगायचीच नाही. त्याने फक्त नोंद पाठवायची आणि ती पोचली त्या क्षणी सर्व्हरने स्वतःच्या घड्याळाची वेळ तिच्यावर उमटवायची. शिवाय, एकदा लिहिलेली ओळ कोणालाही बदलता किंवा खोडता येणार नाही.

"कोणालाही म्हणजे? तुम्हालाही?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही त्यांचे भाऊ आहात, म्हणून विचारतो."

"मलाही नाही," मी म्हणालो. माझ्या नावाने सर्व्हरवरच्या नोंदींच्या तक्त्यात फक्त वाचता येईल, एक अक्षरही लिहिता येणार नाही, अशी व्यवस्था मी त्यांच्यासमोर केली. किल्ली म्हणावी असा जो मुख्य पासवर्ड असतो, तो पाकिटात घालून, पाकीट बंद करून त्यांच्या कपाटात ठेवायला दिला. आता बोला, असा माझा थाट होता.

बारापर्यंत नवा प्रोग्राम सातही वॉर्डांत बसला. नोंदी येऊ लागल्या आणि प्रत्येकीवर सर्व्हरची चोख वेळ. ताईलाही नवीन पासवर्ड दिला आणि तो तिच्याखेरीज कोणाला माहीत नव्हता. बायकोला फोन करून जेवायला येत नाही म्हणून सांगितलं आणि वॉर्डातल्या संगणकाशेजारी माझा लॅपटॉप उघडून बसलो. लॅपटॉपवर सर्व्हरचा तक्ता दिसत होता. ओळीमागून ओळ येत होती.

पाच नंबरची खाट माझ्या टेबलाला लागूनच होती. तिच्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर, सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे. छातीत दुखलं म्हणून आलेले, आता बरे झालेले, उद्या घरी जाणार म्हणून सकाळपासून पिशवी भरून तयार.

"साहेब, तुमच्या या मशीनला रिव्हर्स गिअर असतो का?" त्यांनी विचारलं.

"नसतो काका. मी आजच काढून टाकला."

"मग अवघड आहे. अहो, आमच्या गाडीत निदान आरसा तरी होता." आणि स्वतःच खो खो हसले.

तीनला पाच कमी असताना ताई गणवेश नीट करून निघाली. समितीची खोली पलीकडच्या इमारतीत. जाताना तिने संगणक बंद करून ठेवला, म्हणजे तिचा पासवर्ड टाकल्याशिवाय तो उघडणार नाही असा. दारातून तिने मागे वळून पाहिलं. "जाते रे," म्हणाली. फाइल तिने छातीशी धरली होती. मला फार वाईट वाटलं. मी अंगठा दाखवला.

वॉर्ड दुपारचा निजला होता. वॉर्डात एकच धाकटी सिस्टर, ती पलीकडच्या टोकाला औषधांची कपाटं लावत होती. पंखा फिरत होता. फिनेलचा वास आता विरला होता आणि त्याच्या जागी दुसराच काही वास येत होता. विझवलेल्या मेणबत्तीचा येतो तसा. खिडकी उघडी असेल म्हणून मी पाहिलं, तर ती बंद होती.

टक.

मी लॅपटॉपकडे पाहिलं. माझे हात मांडीवर होते.

टक... टक... टक. सावकाश, दोन बोटांनी. ताई तसंच टाइप करते. मी तिला त्यावरून कितीदा चिडवलंय.

मी मान वळवली. वॉर्डाचा संगणक उघडा होता. वरच्या कोपऱ्यात ताईचं नाव. कळफलकासमोरची खुर्ची रिकामी. कळा हलत नव्हत्या, मी नीट पाहिलं, एकही कळ हलत नव्हती. आवाज मात्र येत होता, आणि पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं.

'खाट पाच. नाडी लागत नाही. डॉक्टरांना बोलावले.'

आवाज थांबला. लॅपटॉपवर नवी ओळ आली. सर्व्हरची वेळ, तीन वाजून पाच मिनिटं. त्या वेळेत चूक नव्हती. चूक होऊच शकणार नाही अशी व्यवस्था मीच तीन तासांपूर्वी केली होती.

पाच नंबरच्या खाटेवर ड्रायव्हरकाका मांडी घालून बसले होते आणि वर्तमानपत्राची घडी घालत होते.

आता पुढचं सांगतो ते लक्ष देऊन ऐका. मला लगेच सगळं कळलं. अकरा नंबरच्या वेळी एकोणीस मिनिटं, म्हणजे आत्ता तीन चोवीसला. आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं. ताई आत्ता पाच माणसांच्या समितीसमोर बसली आहे. तिच्या नावाने इथे ओळ पडली आहे. तीन चोवीसला जर ही ओळ खरी झाली, तर त्या ओळी तिने लिहिलेल्या नाहीत हे कुणाच्याही बापाला नाकारता येणार नाही. ओळ खोटी ठरली, तर ते म्हणतील, भावाने बहिणीसाठी कायतरी करामत केली. मला फक्त बसून राहायचं होतं...

आणि मी बसलो.

हे असलं काही खरं होत नसतं, असं मी स्वतःला समजावत होतो. मी शिकलेला माणूस आहे. उगाच कुणाला घाबरवून कशाला सोडा, वगैरे. पण ते सगळं वरवरचं. लॅपटॉपकडे पाठ करून, काकांवरची नजर न काढता, आतून मी वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू.

धाकटी सिस्टर जवळून गेली. "काय झालं, सर? घाम आलाय तुम्हाला."

"काही नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मशीन रुसलं का?"

"हो काका. जरा अडलंय."

"होतं असं," ते म्हणाले. "चढावर थोडा वेळ द्यावा लागतो." आणि त्यांनी उशी सरळ करून डोकं टेकलं. छातीवरून एकदा हात फिरवला. ते मी पाहिलं, आणि मग मात्र मला बसवेना.

किती वेळ गेला होता कोण जाणे. मी उठलो, धाकट्या सिस्टरला ओरडून काकांजवळ जायला सांगितलं आणि जिने उतरत पळालो. समितीच्या खोलीचं दार ढकललं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "ताई, पाच नंबर," एवढंच मी म्हणालो. तिने एक प्रश्न विचारला नाही. छप्पन वर्षांची बाई, पण माझ्या पुढे पळाली.

ती खाटेशी पोचली आणि मनगटावर बोटं ठेवली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन चोवीस झाले होते. काकांची मान कलली होती. ताई खाटेवर चढून दोन्ही हातांनी छाती दाबू लागली. मोठे साहेब मागोमाग आले. हृदयाला धक्का देण्याचं मशीन पहिल्या मजल्यावर होतं. ते वर यायला पाच मिनिटं लागली. त्यानंतर अर्धा तास सगळे झटत होते. काही उपयोग झाला नाही.

साहेबांनी घाम पुसला. "पाच मिनिटं आधी मशीन इथे असतं, तर..." ते म्हणाले आणि थांबले.

मी त्यांना वॉर्डाच्या संगणकावर काकांची ती ओळ दाखवली. त्यांनी ती वाचली, वेळ वाचली, मग ताईकडे पाहिलं. तीन पाचला ती त्यांच्याच समोर बसून तिचं पूर्ण नाव आणि नोकरीची वर्षं सांगत होती. समितीतल्या प्रत्येकाच्या वहीत ते लिहिलेलं होतं.

"तुमच्या प्रोग्रामचा दोष?" साहेबांनी मला विचारलं. त्यांना 'हो' ऐकायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"हो साहेब. जुना दोष आहे. दुसऱ्याच कुणाच्या तरी नोंदी सिस्टरच्या नावावर चढतात." बोलताना माझा आवाज जराही कापला नाही. तसा तो कधीच कापत नाही.

पावणेपाचला समितीने कागदावर सह्या केल्या. ताई निर्दोष. वकील मुलगासुद्धा येऊन माफी मागून गेला. सिस्टरांनी तिला घेरलं. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. मी जिंकलो होतो. एवढं जिंकल्यावर माणसाला जे वाटायला हवं ते मला वाटत नव्हतं, म्हणून मी तळघरात सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसलो.

ताई तिथे आली तेव्हा मी भिंतीवर पाहिलं, सहाला एक मिनिट कमी होतं. तिच्या हातात वॉर्डाचा दिवसभराचा अहवाल होता. तो रोज साडेपाचला छापून येतो आणि मुख्य सिस्टरने तो ओळ न् ओळ वाचून दुसऱ्या सकाळी सही करायची असते. तिने तो माझ्यासमोर धरला.

काकांच्या ओळीखाली आणखी ओळी होत्या. माझ्या नावाने. तीन सहा, 'पाहिले. सांगितले नाही.' तीन सात, 'पाहिले. सांगितले नाही.' तीन आठ. तीन नऊ. मी बोट फिरवत मोजत गेलो. चौदा ओळी. शेवटची तीन एकोणीसची.

माझ्या नावाला तर तिथे एक अक्षर लिहिण्याचीही मुभा नव्हती...

"छोट्या," ताई अगदी हळू म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण आवाजात राग नव्हता. "ह्या तूच लिहिल्यास ना? मन खात होतं, म्हणून कबूल केलंस ना?"

चौदा मिनिटं मी बसलो होतो, हे तिला कळलं होतं. निदान कबुली देणारा भाऊ तरी तिला हवा होता. आणि मला वाटलं, एवढं तरी तिला देता येईल.

"हो ताई," मी म्हणालो. "मीच लिहिल्या."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. थोडा वेळ तो तसाच ठेवला. मग ती गेली.

घरी आलो. जेवण गेलं नाही. लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवलं होतं, पण हाताला सवय. तक्ता उघडला. चौदा ओळींच्या बऱ्याच खाली, तापाच्या आणि औषधांच्या नोंदींमध्ये, पंधरावी ओळ होती. नाव माझं.

'ताईला खोटे सांगितले.'

वेळ होती पाच चाळीस. मी 'हो' म्हणालो तेव्हा सहाला एक मिनिट कमी होतं. म्हणजे मी खोटं बोलण्याआधी एकोणीस मिनिटं ती ओळ तिथे होती. तेव्हा मी सर्व्हरच्या खोलीत नुसता बसून होतो. समोरच्या पडद्याकडे एकदा पाहिलं असतं तरी दिसली असती. पुसायचा प्रयत्न मी केला, लपवत नाही. प्रोग्रामने नकार दिला. तो नकारही मीच लिहिलेला.

पण हार मानणाऱ्यातला मी नाही. सकाळी आठला ताई वॉर्डात येते, संगणक उघडते, मग सही. मी सातलाच तिथे पोचायचं ठरवलं. ओळ तिच्या डोळ्यांसमोर येण्याआधी सगळं तिच्या कानावर घालायचं, ड्रायव्हरकाकांचं, माझ्या मनात काय चाललं होतं त्याचं, सगळं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले.

सातला वॉर्डात शिरलो तर ताई आधीच टेबलाशी बसलेली. पाच नंबरच्या खाटेवर कोरी चादर अंथरली होती. काकांची भरलेली पिशवी खाटेखाली तशीच होती. घरचं कोणी न्यायला आलं नव्हतं अजून.

मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "ताई, त्या ओळी मी लिहिल्या नव्हत्या. मी काल खोटं बोललो."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"आत्ता वाचलंस?"

"नाही रे." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "काल पावणेसहालाच वाचलं. अहवाल हातात घेऊन निघाले होते, जाता जाता पडद्याकडे लक्ष गेलं. 'ताईला खोटे सांगितले.' मला वाटलं, हे काय? अजून तर आम्ही बोललोच नाही."

"आणि... तरी तू विचारायला आलीस?"

"म्हणून तर आले. म्हटलं, मशीन चुकत असेल. म्हटलं, माझा छोट्या माझ्याशी खोटं बोलणार नाही. जाऊन विचारते, म्हणजे ही ओळ खोटी पडेल." तिने डोळे पुसले. "मी तुला चांगलं सोपं करून विचारायला नको होतं. 'तूच लिहिल्यास ना' असं विचारलं. तुझ्या तोंडात मीच दिलं की रे ते."

 

मग तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "ही बघ. तू जिना चढत असशील तेव्हा आली."

नवी ओळ होती. नाव माझं. वेळ सहा अठ्ठावन्न. आणि नोंदीच्या जागी काहीच नव्हतं. एक अक्षर नाही. माझा प्रोग्राम कोरी नोंद जतनच करू देत नाही, हे मी ताईला सांगू लागलो आणि मध्येच थांबलो.

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून सहा मिनिटं झाली होती; एकोणीस मिनिटं सात सतराला पुरी होणार होती. तिने शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि माझं मनगट हातात घेतलं. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो. सात सोळा झाले. सात सतरा झाले. सात अठरा झाले. काही घडलं नाही. माझी नाडी तिच्या बोटाखाली व्यवस्थित चालू होती.

त्या गोष्टीला आता पाच महिने झाले. त्या कोऱ्या जागी काही उमटलंय का, हे बघायला मी रोज सकाळी तो तक्ता उघडतो. ओळ तिथेच आहे, आणि नोंदीची जागा अजून कोरी आहे.